गिरगाव स्थानकाच्या वर कोण राहणार?

मुंबईच्या लोकलच्या नकाशावर गिरगाव नावाचे स्टेशन नाही. वस्ती एवढी जुनी आणि नावाजलेली, पण तिच्यासाठी उतरायचे ते चर्नी रोडला, नाहीतर मरीन लाइन्सला. ९ ऑक्टोबर २०२५ पासून हे बदलले. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रो-३ चा शेवटचा टप्पा त्या दिवशी प्रवाशांसाठी खुला झाला आणि जगन्नाथ शंकरशेट रस्त्याच्या पोटात गिरगाव व काळबादेवी अशी दोन स्थानके त्या त्या वस्तीच्या नावाने उभी राहिली. साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानके आहेत, त्यातली २६ जमिनीखाली. पण इतक्या दाट, जुन्या आणि राहत्या वस्तीच्या थेट खाली खोदलेली स्थानके मोजकीच, आणि गिरगाव-काळबादेवीचे काम त्यांतही सर्वांत नाजूक होते. ते पार पडले याचे श्रेय अभियंत्यांना आणि मजुरांना मनापासून दिले पाहिजे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. या स्थानकाचा परिणाम रुळांवर जेवढा दिसेल त्याहून अधिक वरच्या जमिनीवर दिसणार आहे. स्थानकापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर पुढच्या वीस वर्षांत कोण राहणार, हे सरकारने आज ठरवले नाही तर जमिनीचा भाव ते ठरवील. ज्यांच्या घरांखालून हा बोगदा गेला, त्यांतल्या फार थोड्यांची मुले मग या स्थानकातून गाडी पकडतील.

नवे वाहन आले की गिरगाव-काळबादेवी बदलते, याला दीडशे वर्षांचा दाखला आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. तिच्या पहिल्या दोन मार्गांपैकी एक बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला जात होता. म्हणजे शहराच्या रस्त्यांना रुळांवरची पहिली सार्वजनिक सवारी मिळाली तेव्हाच ती या भागाला मिळाली. १९०७ मध्ये ट्राम विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. त्यानंतर साठ-एकसष्ट वर्षे या रस्त्यांवर रुळांची गाडी नव्हती. जुन्या मुंबईकराला ‘मेट्रोला उतर’ म्हटले की धोबीतलावचे १९३८ सालचे सिनेमागृह आठवे, दुसरे काही नाही. आणि ज्या रस्त्याखालून आजची मेट्रो जाते त्याला नाव आहे नाना शंकरशेट यांचे. देशातली पहिली रेल्वे मुंबईत यावी म्हणून १८४० च्या दशकात खटपट करणाऱ्यांत हे गिरगावकर अग्रभागी होते. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकालाही त्यांचेच नाव दिले आहे. वाहतूक आणि ही वस्ती यांचे नाते असे पूर्वीपासूनचे आहे. म्हणून मेट्रो इथे उपरी आहे, असे मी मानत नाही.

या इतिहासातला एक अध्याय मात्र सावध करणारा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांत हवा-उजेड यावा, समुद्रावरचा वारा आतपर्यंत पोचावा म्हणून ट्रस्टने पश्चिमेकडून पूर्वेकडे रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता आणि प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, हे दोन्ही त्यातलेच. हेतू चांगला होता आणि रस्ते आजही उपयोगी पडतात. पण त्या काळाचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे, की सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी बिऱ्हाडे उठवली तितकी घरे बांधली नाहीत. उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत अधिक दाटीने राहू लागली आणि तिथली भाडी वाढली. रस्ता झाला, ज्यांच्या आरोग्यासाठी झाला ते त्या रस्त्यावर परतले नाहीत. सुधारणेचा आराखडा आणि माणसांचा हिशेब वेगवेगळ्या वहीत मांडला की असेच होते.

मेट्रोच्या वेळी हे पुरेपूर तसे घडले नाही, याचे कारण गिरगावकर आणि काळबादेवीकर आहेत. स्थानकांसाठी कोणत्या इमारती जाणार हे कळल्यावर २०१५ च्या सुमाराला रहिवासी आणि दुकानदार रस्त्यावर उतरले. दूरच्या उपनगरात घर नको, इथेच हवे, ही त्यांची मागणी होती. तिची दखल घ्यावी लागली. मेट्रो बांधणारी सरकारी कंपनी स्वतःच विकासकाच्या भूमिकेत गेली. बाधित इमारतींचे भूखंड एकत्र करून त्याच परिसरात पुनर्वसनाच्या नव्या इमारती बांधायच्या, असे ठरले. बांधणीची पद्धतही बदलावी लागली. रस्ता वरून पूर्ण उघडून स्थानक बांधायचे तर अरुंद शंकरशेट रस्त्याच्या दोन्ही कडांच्या आणखी इमारती गेल्या असत्या. त्याऐवजी बाजूला खोल विवर घेऊन तिथून आडवे, टप्प्याटप्प्याने खडक पोखरत फलाटांची जागा मोकळी केली. हे काम संथ आणि खर्चिक असते. न केल्यास काय होते हे कोलकात्याने पाहिले असे कोणी म्हणेल, पण तिथले कारण वेगळे होते. ३१ ऑगस्ट २०१९ ला बोबझारमध्ये बोगदा खणणारे यंत्र भूजलाच्या थरात घुसले, माती खचली, घरे कोसळली आणि शेकडो लोकांना रातोरात बाहेर पडावे लागले. गिरगावाखाली खडक आहे, बोबझारखाली गाळाची माती. तरीही शंभर वर्षांच्या लाकडी जिन्यांच्या इमारतींखालून दोन बोगदे सुखरूप जाणे ही लहान गोष्ट नाही. लोकांनी हट्ट धरला, यंत्रणेने तो मानला आणि प्रकल्पही पूर्ण झाला. हट्टामुळे प्रकल्प बुडतात असे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

अडचण अशी, की जागेवरच घर हे तत्त्व ज्यांची इमारत प्रत्यक्ष पाडली त्यांच्यापुरतेच लागू झाले. स्थानकाच्या जिन्यापासून शंभर पावलांवर जी चाळ उभी आहे, तिच्यासाठी असे कोणतेच वचन नाही. तिची जमीन मात्र या स्थानकामुळेच महाग होणार आहे. इथून आता ग्रँट रोड, महालक्ष्मी, वरळी, सिद्धिविनायक, दादर, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, सगळे एका गाडीत आले. चर्नी रोड जवळ असताना मेट्रो कशाला, असा प्रश्न पूर्वी विचारला जाई. त्याचे उत्तर या यादीतच आहे. पश्चिम रेल्वे शहराच्या पश्चिम कडेने जाते, नोकऱ्या गेल्या तीस वर्षांत मधल्या पट्ट्यात सरकल्या. पण ज्या सोयीचा अभिमान वाटावा तीच विकासकाच्या जाहिरातीत पहिल्या ओळीला जाते, आणि मग चाळीच्या पुनर्विकासाची गणिते बदलतात.

ही शंका काल्पनिक नाही. हाँगकाँगच्या जुन्या पश्चिम भागात सै यिंग पुन ही अशीच चढ-उताराची, छोट्या दुकानांची, जुन्या भाडेकरूंची वस्ती होती. तिथे मार्च २०१५ मध्ये भुयारी स्थानक उघडले. ते येणार हे ठरल्यापासूनच दुकानांची भाडी चढू लागली, जुने व्यवसाय हलले आणि त्यांच्या जागी नव्या, वरच्या उत्पन्नाच्या रहिवाशांसाठीची उपाहारगृहे आली. जे शहर मेट्रो आणि जमीन यांचा हिशेब जगात सर्वांत काटेकोरपणे मांडते, तिथे हे झाले. आपल्याकडचे उदाहरण तर मेट्रो-३ च्याच मार्गावर आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी असे सूत्र होते. २००१ च्या दुरुस्तीने ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. एका शब्दाच्या अर्थाने शेकडो एकरांचे भवितव्य फिरले. गिरणगाव कसे बदलले हे वरळी स्थानकातून वर येणारा कोणीही पाहू शकतो.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की चाळींबद्दलचा जिव्हाळा हा चाळीत न राहणाऱ्यांचा असतो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची खोली, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, टेकू दिलेले सज्जे, पावसाळ्यात गळणारी कौले, यात कोणी राहावे असा आग्रह धरण्याचा हक्क कुणालाच नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. तीही जुनी उपकरप्राप्त इमारतच होती. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. निर्वासितांनी भरलेल्या त्या काळच्या मुंबईत ते आवश्यक होते, पण पुढे दशकानुदशके तीच भाडी राहिल्याने मालकाला डागडुजीत रस उरला नाही. १९६९ पासून सरकार दुरुस्ती उपकर घेऊन डागडुजी करू लागले, ती कधीच पुरी पडली नाही. तेव्हा चाळी पाडून नव्या इमारती बांधाव्यात, हे मला मान्यच आहे. राखायची आहे ती राहणाऱ्यांची जात-कुळी नव्हे, उत्पन्नाची सरमिसळ. कारकून, शिक्षिका, दागिन्यांचा कारागीर, पुस्तकांच्या दुकानातला मुनीम आणि वकील एकाच गल्लीत राहू शकत होते, म्हणून इथे इतके काही घडले.

आणि काय घडले ते आठवावे. १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव केशवजी नाईक चाळींत बसला. ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. १४ मार्च १९३१ ला देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ मॅजेस्टिकमध्ये. शांताराम चाळीच्या आवारात स्वराज्याच्या चळवळीच्या सभा भरल्या. मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह केळेवाडीत उभे राहिले. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी खोताची वाडी वसवली. तिथली लाकडी सज्ज्यांची घरे पूर्वी साठ-पासष्ट होती, आता त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, गायवाडी ही नावे बागायतीची खूण सांगतात. वस्तीने ती बागायत गिळली, पण नाव टाकले नाही. ही सगळी यादी मोठ्या माणसांच्या मोठ्या बंगल्यांची नाही. हे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांनी, वर्गणी काढणाऱ्यांनी, रात्री नाटकाची तालीम करून सकाळी कामावर जाणाऱ्यांनी उभे केले. स्थानकाच्या भिंतीवर याचे चित्र रंगवणे सोपे आहे आणि रंगवावेही. पण वर साहित्य संघाच्या नाटकाला चालत येणारा प्रेक्षक उरला नाही तर खालच्या भिंतीवरच्या चित्राला साक्षीदार कोण?

दुसरा आक्षेप असा, की मराठी मध्यमवर्ग गिरगावातून मेट्रोच्या कितीतरी आधी गेला, आणि चांगले पैसे घेऊन गेला. डोंबिवली, ठाणे, बोरिवली, दहिसर त्यानेच भरले. हे खरे आहे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. एका दशकात साडेसात टक्के घट. पण हे लोक का गेले? कुटुंब वाढले आणि खोली वाढली नाही. लग्न झालेल्या मुलाला जवळपास दोन खोल्यांचे घर भाड्यानेही परवडेना. मधल्या आकाराचे, मधल्या किमतीचे घर या भागात बांधलेच गेले नाही. एकीकडे पागडीची खोली, दुसरीकडे कोटींची सदनिका, मध्ये पोकळी. पुनर्विकासाचे आजचे सूत्र ही पोकळी भरत नाही. जुन्या भाडेकरूला ठरलेले किमान क्षेत्रफळ फुकट, त्यावर विकासकाला जादा चटईक्षेत्र, आणि ते विकायचे सर्वांत महाग गिऱ्हाइकाला. परत आलेल्या भाडेकरूला मग चाळीसमजली इमारतीचा देखभाल खर्च पेलत नाही. त्यासाठी निधी ठेवण्याची तरतूद आहे, पण निधीच्या व्याजातून लिफ्ट आणि पंप किती वर्षे चालणार? शेवटी घर भाड्याने देऊन किंवा विकून तोही डोंबिवलीची वाट धरतो. यात स्वेच्छा आहे, पण पर्यायांची यादी कोणी आखली हेही पाहायला हवे.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. मेट्रो साऱ्या शहराची, तिच्यासाठी ३७ हजार कोटींहून अधिक खर्च झाला, तेव्हा स्थानकाभोवतीची जमीन जो अधिक मोल देईल त्याला जावी. मला वाटते याच तर्काने उलटा निष्कर्ष निघतो. हा पैसा सार्वजनिक आहे आणि त्यातले मोठे कर्ज जपानकडून घेतलेले आहे. ते फिटायला गाडी भरून धावली पाहिजे. दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत तिकीट असलेल्या गाडीत रोज बसणारा माणूस कोण? चार मजली वाहनतळावर तीन मोटारी उभ्या करणारे कुटुंब नव्हे. कामाला जाणारी मुलगी, कॉलेजचा विद्यार्थी, दवाखान्यात जाणारे आजोबा, काळबादेवीच्या पेढीतला गुमास्ता, हे लोक रोज येतात. स्थानकाभोवतीची त्यांची संख्या कमी करून तिथे मोटारी वाढवणे हे मेट्रोच्याच मुळावर येणारे आहे.

आणि सरकारने तत्त्वतः हे मान्यच केले आहे की मेट्रोमुळे वाढलेल्या किमतीत समाजाचा वाटा असतो. १ एप्रिल २०२२ पासून मुंबईत घरखरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. तो घेताना जुन्या वस्तीतला आणि नव्या वस्तीतला खरेदीदार असा भेद नाही. खर्च करतानाही तो केवळ वाहतूक प्रकल्पांवर का व्हावा? गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांच्या पाचशे मीटरच्या परिघासाठी एक वेगळा स्थानिक आराखडा करावा. तिथे होणाऱ्या प्रत्येक मोठ्या पुनर्विकासात जादा चटईक्षेत्राचा एक हिस्सा म्हाडाच्या मालकीच्या, विक्रीला न काढता भाड्याने द्यायच्या मध्यम घरांसाठी राखावा. मालकी सरकारची राहिली तर दहा वर्षांनी ते घर बाजारात जात नाही. अधिभारातला काही भाग परतणाऱ्या भाडेकरूंच्या देखभाल निधीत आणि ग्रंथालये, नाट्यगृहे, व्यायामशाळा अशा संस्थांना नव्या इमारतीत जुन्या भाड्याने जागा देण्यासाठी वापरावा. स्थानकाशेजारच्या इमारतींना वाहनतळ कमी आणि पदपथ जास्त अशी अट घालावी. जमिनीखाली शेकडो कोटींचे वातानुकूलित स्थानक आणि वर सरकत्या जिन्यातून बाहेर पडताच पाय ठेवायला पदपथ नाही, ही अवस्था तर आजही दूर करता येईल.

यामुळे विकासक मागे हटतील आणि धोकादायक इमारती तशाच पडून राहतील, अशी भीती घालण्यात येईल. काही प्रकल्प उशिराने होतील, हे मी नाकारत नाही. पण जिथे जमीन इतकी मोलाची आहे तिथे नफ्याचा एक अंश कमी झाला म्हणून काम थांबत नाही. जिथे ते खरेच थांबेल, तिथे सरकारी कंपनीने विकासक होण्याचा दाखला याच रस्त्यावर आहे. मेट्रोसाठी जे जमले ते धोकादायक चाळीसाठी का जमू नये?

असा आराखडा करायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली महापालिका विकास आराखड्यात फेरबदल सुचवू शकते. त्यासाठी सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, मुदत एक महिना. महापालिकेने ही प्रक्रिया पुढची मोठी परवानगी देण्याआधी सुरू करावी, मसुदा मराठीत काढावा आणि तो वाडीवाडीच्या फलकावर लावावा. गिरगावकरांनी २०१५ मध्ये घरासाठी जसा आग्रह धरला तसाच आता शेजारासाठी धरावा, आणि महिन्याच्या आत प्रत्येक चाळ समितीने आपले म्हणणे लेखी द्यावे.